चहा आधी की आभार आधी?

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘कॅफिन आणि मेंदू’ असा छापलाय. त्याकडं येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं. खानापूर घ्या, बेळगाव घ्या, निपाणी घ्या. आपल्याकडं भाषणाचा चहा मिळतो तो आभार मानून झाल्यावर. साडेसहाचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट बघत सव्वासातला सुरू. आठपर्यंत मधल्या रांगांनी माना टाकलेल्या. आणि नऊला हातात कागदी कप! त्यातलं कॅफिन रक्तात पुरतं चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे वक्त्यासमोर पेंगायचं आणि घरी जाऊन पंख्याची पाती मोजायची. एका गावात मी संयोजकांना म्हटलं, चहा आधी द्या की. ते म्हणाले, “सर, आधी दिला तर लोक पिऊन जातात हो.” (हशा) यावर विज्ञानाकडं उत्तर नाही.

तर, आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं. पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर ते बसलं की सुस्ती येते. कॅफिनची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती. ते त्या जागा अडवतं, आपण बसच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं. ॲडिनोसिन बाहेर जात नाही, दाटीवाटीनं उभंच राहतं. रुमाल उचलला, की धपकन बसतं. चहानं थकवा जात नाही, नुसता कळेनासा होतो. एवढंच मला सांगायचं होतं.

इथं फिल्टर कॉफीवाले लगेच कॉलर ताठ करतात. त्यांनी पुडीवर चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळलेली भाजक्या मुळांची पूड, किती ते वाचावं. चिकोरीत कॅफिन नसतं. त्यात तुम्ही बाय-टू, म्हणजे एक कप दोघांत, पिणार!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटं’. पळतो.

कॅफिननं लक्ष टिकतं, हात चटकन चालतो. कंटाळवाण्या, एकसुरी कामात फायदा जास्त. अवघड गणित सुटेलच असं नाही. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या पोरांना रात्रभर चहा पाजणाऱ्या आयांनो, वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. 2013 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम दिलं, तर झोप तासाहून जास्त घटली. धडधाकट माणसाला दिवसभराची मर्यादाही तेवढीच मानतात. गरोदरपणी 200, कारण तेव्हा ते उतरायला फार वेळ लागतो.

शेवटचं, निपाणीकरांसाठी. बिडी ओढणाऱ्याचं यकृत कॅफिन झपाट्यानं मोडतं. तंबाखू मळणाऱ्यांनी खूश होऊ नये, ही करामत धुराची आहे, निकोटिनची नव्हे. त्यामुळं बिडी सोडली की नेहमीचाच चहा अंगावर येतो, छाती धडधडते, आणि माणूस म्हणतो, बिडी सोडल्यानं झालं. त्यानं चहाही थोडा कमी करावा, पुन्हा बिडी पेटवू नये.