डिमेलोचं प्रेत आणि दादरचा हशा

(दृश्य: काळोख. पडद्याचा उजेड तेवढा चेहऱ्यांवर. सिनेमाचा आवाज बारीक, प्रेक्षकांचा मोठा.)

या व्हिडिओत सिनेमा दिसणार नाही. आमचा कॅमेरा पडद्याकडे पाठ करून उभा आहे. समोर दादरमधलं एक लहानसं सभागृह, रविवारची दुपार आणि जवळजवळ भरलेल्या खुर्च्या. कोणी माटुंग्याहून चालत आलंय, कोणी डोंबिवलीहून मेगाब्लॉकला तोंड देत. पडद्यावर काय चाललंय ते या चेहऱ्यांवरूनच ओळखायचं. फार अवघड नाही. सिनेमा 'जाने भी दो यारो' आहे, आणि निम्म्या लोकांचे ओठ नटांच्या आधी हलतायत.

आम्हाला एवढंच बघायचं होतं, की खुनाचा विनोद सुरू झाला की माणसं कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात.

पहिला हशा साधा आहे. विनोद आणि सुधीर, दोन फोटोग्राफर मित्र, नवाकोरा स्टुडिओ थाटून बसलेत आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. यावर हसायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याने ज्याने म्हणून मुंबईत गाळा भाड्याने घेऊन धंदा मांडलाय, तो हसतोच. तिसऱ्या रांगेतले एक काका जरा जास्तच हसतायत. त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, हे नंतर कळलं.

(दृश्य: श्रेयनामावलीचा उजेड. अचानक टाळ्या.)

या टाळ्या सतीश शाह यांच्या नावाला. ऑक्टोबर 2025 मध्ये ते गेले. या सिनेमात ते आहेत महापालिकेचे कमिशनर डिमेलो, आणि अर्ध्याहून जास्त वेळ त्यांचं काम एकच: मेलेलं असणं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

थोडी माहिती देतो आणि पुढे जातो. सिनेमा 1983 चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कुंदन शाह यांचा पहिलाच. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, तोही सात लाखांच्या आसपास. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, नीना गुप्ता, सतीश कौशिक. पुढे ही नावं एका पोस्टरवर आणायची तर निर्मात्याला घर विकावं लागलं असतं. तेव्हा मात्र माणसं कमी आणि कामं जास्त. निर्मितीची व्यवस्था बघणारे विधू विनोद चोप्राच शेवटी दुःशासनाचा मुकुट चढवून उभे राहिले. अनुपम खेर यांनीही एक भूमिका केली होती, ती संकलनात सगळीच्या सगळी उडाली. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरात मात्र बेताचंच चाललं. लोकांच्या घरात हा सिनेमा शिरला तो दूरदर्शनवरून आणि कॅसेटवरून.

(दृश्य: मध्यंतर. कागदी कपात चहा.)

खून कोणाचा होतो? दोस्ताचा. बिल्डर तरनेजा आणि कमिशनर डिमेलो हे काही एकमेकांचे वैरी नव्हेत. एकाच पार्टीत केक खाणारे लोक. फोटो मोठा करताना आपल्या दोन नायकांना त्यात खून दिसतो, तोवर प्रेक्षकांनी या मंडळींना एकमेकांच्या पाठीवर थाप मारताना पाहिलेलं असतं. इथे कोणी कोणाचा दुश्मन नाही, सगळे यारच. व्यवहार बिनसला की त्यातला एक कमी होतो, एवढंच.

केकच्या प्रसंगाला सभागृह खो खो हसलं. एक आजोबा सोडून. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. चहाच्या वेळी त्यांना गाठलं.

"आवडलं नाही का?"

"आवडलं ना. पण केक कोण भरवतं हो? 'साहेब, चहा घेऊ या का,' एवढंच म्हणतात. त्यात सगळं आलं."

मग स्वतःच्याच वाक्यावर ते इतके हसले की हातातला चहा सांडला.

(दृश्य: पुन्हा काळोख. पाचव्या रांगेवर कॅमेरा स्थिर.)

आता शवपेटी येते. इथे आम्ही कॅमेरा हलवलाच नाही, आणि बरं झालं.

ओम पुरी यांचा आहुजा, दुसरा बिल्डर, दारू पिऊन तर्र. रस्त्यात शवपेटी दिसते, ती त्याला मोटार वाटते. आत डिमेलोचं प्रेत. तो त्याला अपघातात सापडलेला ड्रायव्हर वाटतो. मग माणुसकी जागी होते. आहुजा मेलेल्या माणसाशी गप्पा मारतो, त्याला मदत करतो, त्याची 'गाडी' आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो.

पाचव्या रांगेतल्या त्या काकूंकडे बघा, हिरव्या साडीतल्या. पेटी दिसताच पदर तोंडाला गेला. हसू आलंय, पण सोडवत नाही. नजर डावीकडे, मग उजवीकडे. मागून कोणीतरी फिस्सकन हसतं. तरीही काकू थांबतात. मग त्यांच्या शेजारचा, बहुधा मुलगाच, खांदे हलवायला लागतो, आणि पदर खाली येतो. त्यानंतर त्या जे हसल्या आहेत, ते आम्ही कापलेलं नाही. पूर्ण ठेवलंय.

कमी-अधिक प्रमाणात हे असंच सगळ्या रांगांत झालं. प्रेतावर पहिलं कोणी हसायचं, यावर सगळं अडलेलं असतं. म्हणून हा सिनेमा घरी एकट्याने लॅपटॉपवर पाहिलेले लोक म्हणतात, 'ठीक आहे, हुशार आहे.' आणि सभागृहात पाहिलेल्यांचं पोट दुखतं.

मराठी माणसाला हे नवीन असायचं कारण नाही. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' 1974 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातले भाऊराव मेल्यावरच बोलायला लागतात, कीर्तन करतात, आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं म्हणून हटून बसतात. नाटक कशाला, चाळीतलं मयत आठवा. आत रडारड चाललेली असते, आणि बाहेर गॅलरीत तिरडी बांधणाऱ्यांत बांबू कोणत्या बाजूने जास्त, यावर जुंपलेली असते. एकजण काहीतरी बोलतो, चौघे माना खाली घालतात, आणि त्यांचे खांदे हलतात. रडतायत असं आतल्यांना वाटतं.

हिरव्या साडीतल्या काकूंना आम्ही नंतर विचारलं, आधी का थांबलात? त्या म्हणाल्या, "सतीश शाह गेले ना हो. सुरुवातीला टाळ्या वाजवल्या, आणि आता त्यांच्याच मढ्यावर हसायचं? कसंतरीच वाटलं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पण काय करणार, मेले तरी हसवतात."

(दृश्य: प्रेक्षागृहातल्या मराठी चेहऱ्यांवर क्लोजअप.)

एक प्रतिक्रिया खास दादरची. सिनेमातल्या 'खबरदार' या नियतकालिकाची संपादक शोभा सेन पडद्यावर आली की साठीच्या पुढच्या बायका सावरून बसतात. त्या भूमिकेत भक्ती बर्वे आहेत. या बायकांनी त्यांचं 'ती फुलराणी' नाटक पाहिलेलं. त्या फुलराणीवर यांचा आंधळा विश्वास. आणि हीच शोभा पुढे पुराव्याचा सौदा करायला निघते. एका मावशींनी चक्क जीभ चावली. "तरनेजाचं काही वाटलं नाही. त्याच्याकडून हेच अपेक्षित. पण भक्ती? ती तर आपली होती." सगळ्या सिनेमात त्यांना लागलेला खून हा एवढाच.

(दृश्य: अख्खं सभागृह, वाइड. गोंधळ, शिट्ट्या.)

महाभारताबद्दल फार बोलत नाही. नाटक चालू असताना रंगमंचावर प्रेत घुसतं, ते द्रौपदी होतं, आणि आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो, हे चाललंय तरी काय. त्याच्यासोबत सभागृहही विचारतं, एका सुरात. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खुर्चीवर उभा राहिलाय. सिनेमा कशाबद्दल आहे हे त्याला अजिबात कळलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त वसूल त्यानेच केलंय.

गिरगावातल्या एका बाईंनी सांगितलं, की त्यांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो चाळीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. दुर्योधन भलतंच बोलायला लागल्यावर त्यांचे सासरे 'पुराणाची थट्टा' म्हणून ताडकन उठले. आणि उठून गेले कुठे? दारापर्यंत. तिथे चौकटीला टेकून, पाठमोरे उभे राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले. पाठ हलत होती म्हणे.

आज असा प्रसंग करू देतील का, हा प्रश्न आम्ही कोणाला विचारला नव्हता. लोकांनीच काढला, आणि काढून लगेच आवाज खाली आणला.

(दृश्य: तेच चेहरे. आवाज हळूहळू बसतो.)

आणि आता पूल. डिमेलोच्या नावाने बांधलेला पूल कोसळतो. तरनेजा, आहुजा, शोभा आणि साहेब लोक आपापसांत मिटवतात आणि खापर फोडतात त्या दोन फोटोग्राफरांच्या माथी. लिहिणाऱ्यांनी हाही विनोदच लिहिलाय, प्रेताइतकाच अतर्क्य. 1983 मध्ये तो तसा वाटलाही असेल.

या सभागृहात कोणी हसलं नाही.

जुलै 2018 मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर आला. 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तोही माणसं घरी निघायच्या वेळेला. खालचा सिग्नल लाल होता म्हणून गाड्या थांबलेल्या होत्या, नाहीतर आणखी माणसं गेली असती, असं तिथले लोक तेव्हा सांगत होते. आणि पडायच्या काही महिने आधी झालेल्या तपासणीत तो पूल वापरायला योग्य ठरला होता. पटकथेत हे घातलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, जरा अतीच होतंय.

मला विचाराल तर या सिनेमाचा काळा भाग सरकलाय. तो आधी शवपेटीत होता, आता पुलात आहे. प्रेतावर आपण अजून हसतो, कारण डिमेलो आपला कोणी नव्हे. पुलावरून मात्र आपण रोज जातो.

शेवटी कैद्यांच्या कपड्यांत दोघे मित्र चालत येतात. मागे 'हम होंगे कामयाब', शाळेत प्रार्थनेनंतर म्हणायचं ते. दोघे आपल्याकडे वळतात आणि गळ्यावरून बोट फिरवतात. एका मुलाने हसून शिट्टी मारली. दोन-तीन माना त्याच्याकडे वळल्या. रागाने नव्हे, हा नेमकं काय समजला, ते बघायला.

(दृश्य: बाहेर फुटपाथ, वडापावची गाडी. दोन कॉलेजच्या मैत्रिणी.)

"ही कॉमेडी नाहीचे."

"अगं, मग इतका वेळ खिदळत काय होतीस? माझा हात लाल केलास मारून मारून."

"ते आधी. शेवट बघितलास ना?"

"शेवटीही ते दोघं अ‍ॅक्टिंगच करतायत, वेडे."

"मला नको सांगू. मी रोज त्या पुलावरून जाते."

"कुठल्या?"

"कुठल्याही!"

बांधकाम खात्यातले आजोबा शेजारीच उभे आहेत. वडापाव हातात तसाच. दोघींना थांबवून ते विचारतात, नेमका कुठला पूल, नाव सांगा. ती सांगते. आजोबा थोडा विचार करतात, डोळे बारीक करतात, आणि म्हणतात, "त्याच्यावरून जा. तो चांगला आहे. त्याच्या पुढचा सांभाळून."