नोकरीनंतरचं दुसरं काम

संध्याकाळी हिंजवडीतून आयटी कंपन्यांच्या बस निघतात. वाकडच्या पुलापर्यंत यायलाच बराच वेळ जातो. घरी जेवणं उरकतात आणि कित्येक घरांत बाहेरचं सॉफ्टवेअरचं काम करायला दुसरा लॅपटॉप उघडतो. हा स्वतःच्या पैशांनी घेतलेला. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरच्या कामाची एक ओळही लिहायची नाही, हे आधीच पक्कं करावं लागतं.

या जोडकामाला जाहीर वाचा फुटली ती 2022 साली. विप्रोचे अध्यक्ष रिषद प्रेमजी यांनी ऑगस्टमध्ये याला सरळ फसवणूक म्हटलं. सप्टेंबरमध्ये, प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं त्यांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने वाट थोडी मोकळी केली: वरिष्ठांची आधी परवानगी घ्या, स्पर्धकाचं काम घेऊ नका. तेव्हा घाईत सही केलेलं नियुक्तिपत्र आधी शोधून नीट वाचायचं आणि परवानगी लेखीच मागायची. चोरून केलेलं काम कुणाला दाखवता येत नाही आणि पुढचं काम तर दाखवण्यातूनच मिळतं.

काम शोधायचं म्हटलं की अपवर्क या सुटी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटचं नाव निघतं. ईलान्स आणि ओडेस्क या तशाच दोन साइट एकत्र होऊन ते उभं राहिलं; हे नाव 2015 पासूनचं. तिथे नुसता अर्ज करायलाही ‘कनेक्ट्स’ नावाची त्या साइटची टोकन खर्ची पडतात. एकेका कामावर पन्नासाहून जास्त अर्ज पडलेले दिसतात आणि रेटिंग नसलेला नवा माणूस दर पाडत सुटतो. ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे किंवा ऑनलाइन दुकान उभारून देणारं शॉपिफाय अशा एखाद्याच गोष्टीत ज्याचा हात बसलेला आहे, त्याने तिथे जरूर जावं. बाकीच्यांनी दिवसभर राबून रात्री या लिलावात उतरू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं काम ओळखीतच असतं.

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या आसपास द्राक्षांची पॅकहाऊस आहेत, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायच्या जागा. युरोपला जाणारा माल अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदलेल्या बागेतला असावा लागतो, म्हणजे पेटी कुठल्या प्लॉटची हे शेवटपर्यंत सांगता येतं. ती नोंद वेगळी. पण कुणाचे किती क्रेट आले, किती माल बाद निघाला, कुणाला किती उचल दिली, हा रोजचा हिशोब अनेक ठिकाणी वहीतच चालतो. रात्री कुणीतरी तो एक्सेलमध्ये चढवतं. एकाच शेतकऱ्याचं नाव कुठे आडनावाने, कुठे ‘आण्णा’ म्हणून, कुठे गावासकट टाइप झालेलं असतं आणि बेरीज काही जुळत नाही.

पुण्यातल्या डेव्हलपरला हे दिसतं, कारण पॅकहाऊस मामांचं असतं, नाहीतर शाळेतल्या मित्राचं. एखादा रविवार क्रेट मोजणाऱ्याच्या शेजारी उभं राहावं. मग मराठीत चालणारा, नेट गेलं तरी नोंद धरून ठेवणारा एकच स्क्रीन फोनवर करून दाखवावा. हे दिवाळीच्या सुमारास. ऐन हंगामात तिथे बोलायलाही कुणाला सवड नसते.

ओळखीत अवघड असतं ते पैशांचं बोलणं. ‘तू आपलाच आहेस, बघू नंतर’ इथे भलीभली कामं फुकटात जातात. मामा असले तरी काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि काम कुठे संपतं ते लिहून काढावं. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. पण बाहेरून करून दिलेल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर केलं नसेल तर, लिहिणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतराच्या करारात मुदत घातली नसेल, तर कायदा ती 5 वर्षं धरतो. म्हणून मामांना वापरायचा हक्क द्यावा, मालकी आपल्याकडे ठेवावी. मग तेच सॉफ्टवेअर शेजारच्या पॅकहाऊसलाही देता येतं आणि खरी कमाई तिथून सुरू होते.

हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं. ते व्यवसायाचं धरलं जातं, त्यामुळे पगारदारांचा साधा आयटीआर-1 चालत नाही.

देखभालीचे पैसे मात्र वेगळे, वर्षाचे, हंगामाआधी ठरवावेत. फोन येणार तो फेब्रुवारीत, कंटेनर भरायला उभा असताना, आणि त्या वेळी तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये असणार. तो कोण उचलणार आणि किती वेळात, हे करारातच लिहा.