दुपारी एक ते दोन : भोजन

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी उलटली की नाशिकमध्ये दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक लग्नांचा, दुसरा परिषदांचा. डॉक्टरांची परिषद, वकिलांची, प्राध्यापकांची, आम्हा सनदी लेखापालांची. हवा चांगली, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून गाडीने येण्यासारखं, वर त्र्यंबकेश्वर आणि द्राक्षबागा. बाहेरच्या संघटनांना गाव आवडतं. या परिषदांची कार्यक्रमपत्रिका कधी नीट पाहा. भाषणापुढे वक्त्याचं नाव असतं, सूत्रसंचालकाचं असतं, प्रायोजकांचं तर पहिल्या पानावर असतं. मग येते ओळ : ‘दुपारी एक ते दोन : भोजन’. तिच्यापुढे कुणाचंच नाव नसतं.

आज बोलायचंय ते या तासाबद्दल. हा तास ज्यांच्या जिवावर निघतो ती माणसं आपल्या मजुरीसाठी भांडत असतील, तर गळ्यात बिल्ला अडकवून आलेल्या आपण काय करायचं?

भांडण कसलं असतं, ते आधी पाहू. फार मोठ्या मागण्या क्वचितच असतात. दोन महिन्यांची मजुरी थकलेली असते. पगारातून पीएफ कापला जातो, पण खात्यावर दिसत नाही. बारा-बारा तास भट्टीपुढे उभं राहायचं आणि जादा तासांचे पैसे साध्या दराने घ्यायचे. आणि वारंवार घडणारी गोष्ट म्हणजे ठेका बदलतो. जुना ठेकेदार जातो, नवा येतो आणि येताना आपली माणसं घेऊन येतो. वर्षानुवर्षं त्याच भटारखान्यात पोळ्या लाटणाऱ्या बाईला एका सकाळी फाटकावरच सांगतात, तुमचं नाव यादीत नाही.

तिने दाद कुणाकडे मागायची? परिषदेचा करार हॉटेलशी. हॉटेलचा ठेकेदाराशी. ठेकेदार माणसं घेतो मुकादमाकडून. मुकादम पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांवरून उचल देऊन पोरं आणतो. जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो. लग्नघरी निदान यजमान आचाऱ्याला ओळखतो. पंगती उठल्या की त्याला बोलावून नारळ-उपरणं देतो, वाढप्यांच्या हातावर काहीतरी ठेवतो. परिषदेत यजमान म्हणजे स्वागत समिती. तिला केटररच्या मॅनेजरपलीकडे कुणी ठाऊक नसतं. आणि बुफे असल्यामुळे वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचीही वेळ येत नाही, चमचा आपल्याच हातात असतो.

आता थोडा कायदा. लेखापालाचं भाषण आहे, तेवढं चालवून घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावू नयेत, असं त्यातली एक संहिता सांगते. पण कोणती कामं मुख्य धरायची नाहीत, याची यादीही ती देते आणि त्या यादीत साफसफाई, पहारा यांच्या जोडीला कँटीन आणि केटरिंग आहे. म्हणजे कारखान्याने किंवा कॉलेजने जेवणाचं काम ठेक्याने दिलं तर आडकाठी नाही. हॉटेलचा मात्र धंदाच जेवणाचा. तिथे या यादीचा आडोसा घेणं तितकं सोपं जाणार नाही, असं माझं मत.

सर्वोच्च न्यायालयानेही कँटीनच्या माणसांना कधी आत घेतलंय, कधी बाहेर ठेवलंय. 1990 साली रेल्वेच्या मान्यताप्राप्त कँटीनमधले कामगार रेल्वेचेच ठरले. 1995 साली आयुर्विमा महामंडळाच्या कँटीन कामगारांनाही महामंडळाचे कर्मचारी मानलं गेलं. 2014 साली एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आलं. कुणी चालवली कँटीन, ताबा कुणाचा, नेमणूक कुणी केली, यावर निकाल फिरतो. पोळी तीच असते.

मजुरीचं मात्र स्पष्ट आहे. ठेकेदाराने दिली नाही, तर आस्थापनेच्या मालकाने द्यायची. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. जादा तासांना दुप्पट दर.

आपल्या मंडळींची एक तक्रार नेहमी कानावर येते : ‘यांना बरा आमच्या परिषदेचाच मुहूर्त सापडतो. पाहुण्यांसमोर वेठीला धरतात.’ यावर दोन गोष्टी सांगते. नव्या संहितेप्रमाणे संपाची नोटीस किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते. समेटाची बोलणी सुरू असतील तर ती संपेपर्यंत, आणि संपल्यावरही सात दिवस, संप करता येत नाही. म्हणजे कायदेशीर संप होणार असेल तर मालकाला दोन आठवडे आधीच ठाऊक असतं. त्याने ते स्वागत समितीला सांगितलं नाही, तर राग फाटकाबाहेर बसलेल्यांवर काढण्यात काय अर्थ आहे? आणि दुसरी गोष्ट आपल्याच नाशिकच्या सीबीएस चौकातली. 2018च्या मार्चमध्ये तिथून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या वेशीवर पोहोचला, तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. मुलांची वाट अडू नये म्हणून दिवसभर चालून दमलेली ती माणसं रात्रीतून पुन्हा चालली आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. मुंबईकर त्यांच्यासाठी पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे होते. आंदोलन करणाऱ्याला दुसऱ्याची अडचण कळत नाही, हे नाशिककराने तरी म्हणू नये.

परदेशात हा प्रश्न व्यावसायिक संघटनांपुढे अनेकदा आला आहे. 2004 साली सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल कामगारांनी संप केला आणि मालकांनी टाळेबंदी केली. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन तिथल्याच एका हॉटेलात ठरलेलं होतं. त्यांनी ते पुढे ढकललं आणि थेट अटलांटाला नेलं, पण त्याच साखळीच्या दुसऱ्या हॉटेलात! संपकऱ्यांना ओलांडून कुणी आत गेलं नाही हे खरं, पण पैसा शेवटी त्याच घरात गेला. तिथल्या इतिहासकारांच्या एका संघटनेनेही पुढच्या वर्षीचं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोतून हलवलं; ते गेले जवळच्या सॅन होजेला. मला हा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. 2018 साली मॅरियट साखळीच्या साडेसात हजारांवर कामगारांनी आठ शहरांत संप केला. त्यांची घोषणा होती, ‘एक नोकरी पुरायला हवी’. दोन-दोन नोकऱ्या करूनही भागत नाही, असं म्हणणारी ती माणसं अमेरिकेतली होती. आपल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी कंपनीची कँटीन आणि संध्याकाळी लग्नाचं काम करणाऱ्याला ही घोषणा समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे अधिवेशन दुसऱ्या गावी नेणं जमेलच असं नाही. मग आपण, एकटा-दुकटा प्रतिनिधी, करणार काय?

पहिलं काम विचारण्याचं. काही वर्षांपूर्वी मी एका परिषदेला गेले होते. फाटकाबाहेर काळ्या फिती लावून पंधरा-वीस जण बसले होते, त्यात बायका जास्त. आमच्यातल्या काही तरुण मंडळींनी लगेच ठरवलं की आज कुणी जेवायचं नाही. मी बाहेर गेले. एका वयस्कर बाईंना विचारलं, ‘मावशी, आम्ही आज जेवलो नाही तर चालेल का तुम्हाला?’

त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही उपाशी राहिल्याने आमचा पगार येतो होय? आत माझी भाची भांड्याला आहे. अन्न वाया गेलं तर साहेब तिच्यावरच ओरडेल. तुम्ही जेवा. आणि तुमच्या मोठ्या साहेबांना माईकवरून सांगायला लावा, बाहेर कोण बसलंय ते.’

दुपारच्या सत्राआधी अध्यक्षांनी तसं सांगितलं, दोन वाक्यांत. संध्याकाळपर्यंत हॉटेलचा व्यवस्थापक बाहेर येऊन बोलला. पगार त्या दिवशी झाला नाही, तारीख मिळाली. दुसऱ्या ठिकाणची माणसं कदाचित उलट म्हणतील : जेवू नका, आतही जाऊ नका. तेही ऐकायचं. बहिष्कार त्यांनी पुकारलेला असेल तर तो पाळायचा, आणि पुकारलेला नसेल तर आपल्या समाधानासाठी आपण पुकारायचा नाही.

आणखी एक. त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, निदान विचारल्याशिवाय नको. आपल्याला वाटतं, प्रसिद्धी मिळाली. ठेकेदार त्याच फोटोतून एकेक चेहरा हेरतो आणि पुढच्या यादीतून नाव गाळतो. आत काम करणाऱ्यांनाही ‘तुम्ही फितूर का झालात?’ असं ऐकवायला जाऊ नका. त्यातल्या कित्येकांना बाहेर काय चाललंय हे ठाऊकच नसतं, कित्येकांच्या डोक्यावर उचल असते. टीप द्या, जरूर द्या. फक्त दोनशे रुपयांच्या नोटेने थकलेल्या मजुरीचा प्रश्न आपल्यापुरता मिटला, असं धरू नका.

पण खरं सांगू का? परिषदेच्या दिवशी आपल्या हातात फार थोडं असतं. पैसे दिलेले असतात, पाहुणे आलेले असतात. जोर असतो तो पाच-सहा महिने आधी, करारावर सही होण्यापूर्वी. तेव्हा हॉटेलला आपण हवे असतो, केटररला आपण हवे असतो, सगळे दोनदा फोन करतात. त्या वेळी स्वागत समितीच्या बैठकीत जो बसलाय, त्याने घासाघीस फक्त ताटाच्या दरावर करू नये. ताटामागे पन्नास रुपये कमी केले म्हणून आपण टाळी घेतो. ते पन्नास रुपये ठेकेदार स्वतःच्या खिशातून देत नाही.

करारात तीन गोष्टी मागता येतात. कामगारांशी वाद सुरू असेल किंवा संपाची नोटीस आली असेल, तर आयोजकांना तत्काळ कळवायचं. वाद मिटला नाही, तर आगाऊ रक्कम परत घेऊन जागा बदलण्याची आम्हाला मुभा. आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्या दिवसांची हजेरी आणि मजुरी दिल्याचा पुरावा पाहिल्यावरच. अमेरिकेतल्या हॉटेल कामगारांच्या संघटना पहिल्या दोन कलमांसाठी अधिवेशन भरवणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं आग्रह धरत आल्या आहेत. तिसरं आमच्या धंद्यातल्या सवयीचं आहे. व्हाउचर पाहिल्याशिवाय आमचा हात सहीकडे जात नाही.

सही करण्यापूर्वी एक तपासणी घरबसल्या होते. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं. पीएफचा भरणा कोणत्या महिन्यात झाला, किती कामगारांचा झाला, ते दिसतं. केटरर सांगतो माझ्याकडे ऐंशी माणसं आहेत आणि भरणा बाविसांचा दिसतो, तर उरलेली कुठे गेली, हे त्याला चहा घेता घेता विचारता येतं. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

2027 साली सिंहस्थ आहे. त्याआधीच्या आणि त्या वर्षातल्या परिषदा, मेळावे, शासकीय बैठका, भोजनाचे मोठमोठे ठेके, सगळं नाशिकवर येऊन पडणार आहे. माणसं कमी पडतील, पाड्यांवरून आणखी पोरं येतील, उचल वाढेल. दर ठरण्याची वेळ आहे ती आत्ता.

आमच्या मंडळींच्या पुढच्या परिषदेच्या करारात ती तिन्ही कलमं घातली आहेत. समितीत वाद झाला. दोघांचं म्हणणं पडलं की यामुळे एकही केटरर मिळणार नाही. तिघे आले. ज्याला काम दिलं, त्याने तिसरं कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘मॅडम, हजेरीची झेरॉक्स चालेल ना?’

मी म्हटलं चालेल, फक्त अंगठ्यासमोर नावं वाचता आली पाहिजेत.

नमस्कार.