फिल्म हातात छान, पनीरवर जेली

चीज-पनीरवर लावायची जंतुरोधक फिल्म म्हटलं की पहिला प्रश्न तेलाचा येतो: लवंग घालू की दालचिनी? तेलाचं नंतर बघू. अशी फिल्म बहुतेक वेळा फसते ती पाण्यापाशी.

उदाहरण कायटोसानचं घेऊ. कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतल्या कायटिनवर कडक अल्कलीची प्रक्रिया केली की ते मिळतं. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. 100 मिली पाण्यात 1 मिली ॲसेटिक आम्ल, त्यात 2 ग्रॅम कायटोसान, आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. राहिलेला कण न् कण पुढे फिल्मला भोक पाडतो. मग अर्धा ग्रॅम ग्लिसरीन. कमी पडलं तर फिल्म पापडासारखी मोडते, दुप्पट झालं तर बोटाला चिकटते.

लवंगतेल अर्धा मिली, आधी ट्वीन 80 च्या (तेल-पाणी मिसळून ठेवणारा पदार्थ) चार-पाच थेंबांत घोटून मग होमोजिनायझरखाली, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणाऱ्या यंत्राखाली. हे तेल पाण्याहून जड. नीट फुटलं नाही तर तळाशी बसतं, आणि फिल्म सोलून उलटी केली की खालच्या अंगाला तेलकट ठिपके दिसतात. व्हॅक्यूमने बुडबुडे काढा, 9 सेंमीच्या टेफ्लॉन ताटलीत 20 मिली ओता. 3 मिमीचा थर वाळून साधारण 70-80 मायक्रॉन उरतो, म्हणजे ताटली जराशी कलली तरी एक कड जाड, दुसरी पातळ. स्पिरिट लेव्हल लावाच. वाळवण 40 अंशांवर, दिवसभर. घाईने 70 ला नेलं की वर साय धरते, खाली बुडबुडे अडकतात आणि लवंगेचा घमघमाट ओव्हनला मिळतो.

आता ही फिल्म ओलसर पनीरवर ठेवा. पाणी पिऊन फुगते, जेली होते, कारण आतलं कायटोसान अजून आम्लाच्या क्षाराच्या रूपात आहे. उपाय सोपा वाटतो: 4 टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवा, धुवा. फिल्म पाण्यात टिकते, पण जंतू मारण्याची धार जाते. कायटोसानवरचा धन भार जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला भिडतो, सामू (pH) 6.5 च्या वर गेला की तो भार फारसा उरतच नाही. शिवाय धुण्यात थोडं तेलही जातं. माझं मत विचाराल तर पनीरचा नाद सोडा आणि कडक चीजपासून सुरुवात करा.

चाचणीतही एक गंमत आहे. जिवाणू पसरलेल्या अगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) फिल्मची चकती ठेवून भोवतीचं जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मोजतात. कायटोसान अगरमध्ये जवळपास पसरतच नाही. वर्तुळ दिसलं तर ते तेलाचं किंवा उरलेल्या आम्लाचं. चकती उचलून तिच्याखाली काय वाढलंय ते बघा. मग खऱ्या चीजवर तपासा: फिल्म लावलेले, तेलाविना फिल्मचे आणि उघडे असे तुकडे जिवाणू लावून 4 अंशांवर ठेवा आणि दर दोन दिवसांनी जिवाणूंच्या वसाहती मोजा. चवीचे तुकडे मात्र वेगळे, जिवाणू न लावलेले. मसालेभातातली लवंग चीजवर रुचेलच असं नाही, आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना तुकडा देण्याआधी फिल्म कशाची आहे ते सांगा.