अर्ध्या तासात व्हर्साय जिंकणाऱ्या मुली

[दृश्य: व्हर्सायचा राजवाडा, रात्र. फाटकाशी मोटारींची रांग.]

28 नोव्हेंबर 1973. पॅरिसबाहेरच्या व्हर्साय राजवाड्यात सातशेएक पाहुणे जमतायत. मोनॅकोची राजकन्या ग्रेस आहे, विंडसरची डचेस आहे, न्यूयॉर्कहून आलेला चित्रकार अँडी वॉरहॉल आहे. यजमानीणबाई आहेत मारी-एलेन द रॉथशील्ड. त्यांचं आमंत्रण मिळणं म्हणजे त्या काळच्या पॅरिसमध्ये नाव लागल्यासारखं होतं.

निमित्त पुण्यकर्माचं. राजवाड्याची पडझड झालेली, दुरुस्तीला पैसा हवा. राजवाड्याचे प्रमुख जेराल्ड व्हान डर केम्प आणि अमेरिकन फॅशनच्या प्रसिद्धीची सूत्रं हाती असलेल्या एलिनॉर लॅम्बर्ट यांनी एक बेत आखला. पाच फ्रेंच डिझायनर, पाच अमेरिकन डिझायनर, एकाच मंचावर. कागदोपत्री स्पर्धा नव्हती. पण फ्रेंचांच्या घरात, फ्रेंचांच्या प्रेक्षकांसमोर अमेरिकनांनी कपडे दाखवायचे म्हटल्यावर वर्तमानपत्रं गप्प कशी बसणार? त्यांनी नाव देऊन टाकलं, 'व्हर्सायची लढाई'.

[दृश्य: ऑपेराचा अंतर्भाग. सोनेरी सज्जे, निळा पडदा.]

लढाई झाली ती राजवाड्यातल्या ऑपेरामध्ये. 1770 साली, पुढे सोळावा लुई झालेल्या युवराजाच्या लग्नासाठी हे नाट्यगृह बांधलं. आतलं बांधकाम जवळजवळ सगळं लाकडाचं. संगमरवर वाटतो तो रंगाऱ्याच्या हातचा.

फ्रेंच बाजूला कोण, तर इव्ह सेंट लॉराँ, उबेर द जिवाँशी, पिएर कार्दां, एमान्युएल उंगारो आणि ख्रिश्चन डिओरचे मार्क बोआँ. म्हणजे अख्खं देवघरच. अमेरिकनांकडे ऑस्कर दे ला रेंटा, बिल ब्लास, हॉल्स्टन, ॲन क्लाइन आणि स्टीफन बरोज. यातली ॲन क्लाइन नोकरी करणाऱ्या बायकांसाठी तयार कपडे करायची, म्हणून तिच्या स्वतःच्या गटातले पुरुषही तिच्याकडे नाक मुरडून बघायचे. तिच्या मदतीला एक तरुण, गरोदर सहायक होती, डोना कॅरन. आणि तिशीतला स्टीफन बरोज हा दहा जणांतला एकमेव कृष्णवर्णीय.

अमेरिकनांचं सुरुवातीपासून काही जमेना. तालमीसाठी मंच मिळाला तो फ्रेंचांचं सगळं आटोपल्यावर, रात्री उशिरा. पडद्यामागे थंडी. खायला धड नाही. स्वच्छतागृहात कागद नाही. चित्रकार जो यूलाने पार्श्वभूमीसाठी आयफेल टॉवरचा मोठा पडदा रंगवून आणला, तर मापात घोळ. फ्रेंच मोजतात मीटरमध्ये, हे फुटांत. पडदा आखूड पडला. शेवटी साधा काळा पडदा टांगला. डिझायनर एकमेकांवर खेकसत होते, हॉल्स्टन तर तालीम सोडून बाहेर पडला. त्याच वर्षी ऑस्कर मिळवलेली लायझा मिनेली त्यांच्यासोबत गायला आली होती. मंचावर वाढलेल्या त्या मुलीने या सगळ्यांना ठणकावून जागेवर आणलं.

[दृश्य: न्यूयॉर्कचा विमानतळ, सत्तरच्या दशकातली छायाचित्रं.]

अमेरिकनांच्या गटात 36 मॉडेल होत्या. त्यांपैकी दहा-अकरा जणी कृष्णवर्णीय. पॅट क्लीव्हलँड, बिली ब्लेअर, बेथॅन हार्डिसन, अल्व्हा चिन, नॉर्मा जीन डार्डन, शार्लीन डॅश, अमीना वारसुमा, रमोना सॉन्डर्स, जेनिफर ब्राइस, बार्बरा जॅक्सन. उच्चभ्रू फॅशनच्या मंचावर एका वेळी एवढ्या जणी तोवर कोणी पाहिल्या नव्हत्या.

कशा काय घेतल्या एवढ्या? या गोष्टीच्या चकचकीत आवृत्त्यांमध्ये इथे 'अमेरिकेचं मोठं मन' वगैरे येतं. मला ते पटत नाही. पैसे कमी होते, हे खरं कारण. मानधन सुमारे 300 डॉलर. तेवढ्यात नामांकित, भाव वधारलेल्या गोऱ्या मॉडेलना थोडंच परवडणार होतं? या मुलींचा दर कमी होता, कारण त्यांना मासिकांची मुखपृष्ठं मिळत नव्हती, मोठ्या जाहिराती मिळत नव्हत्या. अर्थात बरोज आणि हॉल्स्टन यांना त्या मनापासून आवडायच्या, हेही खरंच. पण दार उघडण्यात काटकसरीचाही हात होता.

[दृश्य: जुन्या सालोनमधला फॅशन शो. हातात क्रमांकाची पाटी धरलेली मॉडेल.]

आता थोडं मागे जाऊ. पॅरिसच्या फॅशन घराण्यांत कपडे दाखवायची रीत ठरलेली होती. दिवाणखान्यात गिऱ्हाइकं खुर्च्यांवर बसलेली. मॉडेल यायची, हातात कपड्याच्या क्रमांकाची पाटी. संथ चालायची, वळायची, जायची. बघायचं ते कापड आणि शिलाई. चेहऱ्यावर भाव नाही, सोबतीला बहुधा संगीतही नाही.

याच दिवाणखान्यात 1949 साली टेक्ससची डोरोथिया टाउल्स उभी राहिली. पियानो वाजवणाऱ्या बहिणीसोबत ती युरोपात आली होती. डिओरची एक मॉडेल सुट्टीवर होती, ती जागा हिला मिळाली. पुढे स्किआपरेली, बालमँ यांच्याकडेही काम केलं. मायदेशी जे दार बंद होतं ते इथे किलकिलं झालं. अमेरिकेत परतताना तिने पॅरिसचे कपडे सोबत आणले आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांमधून त्यांचे शो करत ती गावोगाव हिंडली.

आणि मग आली इबनी फॅशन फेअर. 1958 पासून 2009 पर्यंत चाललेला फिरता शो. कर्त्याधर्त्या युनिस जॉन्सन, कृष्णवर्णीयांसाठी निघणाऱ्या इबनी मासिकाच्या घरातल्या. त्या स्वतः पॅरिस, मिलानला जाऊन उंची कपडे रोख पैसे टाकून विकत घ्यायच्या. बसगाडीत कपडे, मॉडेल, इस्त्रीवाली मंडळी. दक्षिणेत अशी गावं होती जिथे हॉटेलं या मुलींना उतरू द्यायची नाहीत. शो व्हायचे शाळांच्या सभागृहांत, संस्थांच्या हॉलमध्ये, आणि तिकिटाचा पैसा धर्मादाय कामाला जायचा. तिथला प्रेक्षक गप्प बसणारा नव्हता. आवडलं तर ओरडून सांगणारा, टाळ्यांनी ठेका धरणारा. अशा लोकांपुढे पाटी धरून मख्ख चेहऱ्याने चाललं तर काय होणार? मुली थिरकायला शिकल्या, कोट खांद्यावरून घसरू द्यायला शिकल्या, गिरकी कुठे घ्यायची आणि कुठे थांबायचं हे शिकल्या. पॅट क्लीव्हलँड शाळकरी वयात या बसमधून फिरली होती.

न्यूयॉर्कमध्ये तिला काम मिळत होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. शेवटी ती पॅरिसला राहायला गेली. अमेरिकन व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय मुलगी दिसेपर्यंत परत येणार नाही, असा तिचा पण होता. ते मुखपृष्ठ आलं ऑगस्ट 1974 मध्ये, बेव्हर्ली जॉन्सनचं.

[दृश्य: पुन्हा ऑपेरा. पडदा उघडतो.]

तर, व्हर्साय. पहिला मान फ्रेंचांचा. चाळीसएक वादकांचा वाद्यवृंद. रूडॉल्फ नुरेयेवचं नृत्य. सिंड्रेलाची भोपळ्याची बग्गी, अंतराळयान, गेंड्याने ओढलेला तांडेवाल्यांचा गाडा. प्रत्येक डिझायनरचा आपापला देखावा, आणि देखावे बदलायला लागणारा वेळ वेगळा. जुन्या संगीत नाटकासारखा कार्यक्रम लांबत गेला. दोन तास उलटले तरी संपेना. कपडे सुंदरच होते. पण त्या गेंड्यापुढे त्यांच्याकडे बघायचं कोणी?

फ्रेंचांच्या या अर्ध्या भागात जोसेफिन बेकरही नाचली. सेंट लुईसमध्ये जन्मलेली, वंशभेदाला कंटाळून विशीच्या आत पॅरिसला आलेली, पुढे फ्रान्सची नागरिक झालेली. आता वय 67. पॅरिसने तिला जवळजवळ पन्नास वर्षं डोक्यावर घेतलं होतं. कृष्णवर्णीय स्त्रीने नाचावं, गावं, हे त्या प्रेक्षकाला मान्य होतं. तिने उंची झगा घालून समोरून चालत यावं आणि तो झगा आपल्याला विकावा, ही गोष्ट मात्र नवी होती.

मध्यंतर झालं. अमेरिकनांकडे होता काळा पडदा आणि टेपवर मुद्रित केलेलं संगीत. नृत्यरचना के थॉम्पसनची. लायझाचं गाणं सुरू झालं आणि दिवसा घालायच्या साध्या कपड्यांतल्या सगळ्या मुली एकदम मंचावर आल्या. मग एकामागून एक भाग, मध्ये खंड नाही.

बरोजच्या भागावर जरा रेंगाळू. त्याच्या कपड्यांची खूण म्हणजे काठ. जर्सीचं पातळ कापड शिवताना काठ ताणून धरायचा आणि त्यावर दाट झिगझॅग टाका मारायचा. हात सोडला की ताणलेला काठ आखडतो आणि लाटा उठतात, कोबीच्या कोवळ्या पानासारख्या. हे कापड हँगरवर टांगलं तर मरतुकडं दिसतं. ते हललं तरच कपडा दिसतो. म्हणजे शिंपी अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं चालणारीने करायचं.

पॅट गिरक्या घेत आली. एक, दोन, तीन, वेग वाढतोय आणि मंचाची कड जवळ येतेय. ही आता खाली पडणार म्हणून पुढच्या रांगेतल्यांचा श्वास अडकला. कडेवर येऊन ती थांबली.

मग बेथॅन हार्डिसन. ब्रुकलिनची. गडद वर्ण, बारीक कापलेले केस, काटकुळी अंगकाठी. त्या काळच्या 'सुंदर'च्या व्याख्येत यातलं काही बसत नव्हतं. मॉडेल होण्याआधी ती न्यूयॉर्कच्या कपडा बाजारात नोकरी करायची, गुंड्यांच्या कारखान्यापासून सुरुवात केलेली. पिवळ्याधमक झग्यात ती सरळ प्रेक्षकांच्या रोखाने चालत आली, उभी राहिली आणि समोर बसलेल्या सगळ्या हिरेमाणकांकडे रोखून बघितलं. नजर खाली नाही, ओठावर हसू नाही. मग वळली आणि निघाली. तोवर सभ्यपणे हातमोज्यांत टाळ्या वाजवणारा प्रेक्षक पाय आपटायला लागला.

शेवटी दे ला रेंटाचा भाग. बॅरी व्हाइटच्या वाद्यवृंदाची धून, आणि बिली ब्लेअर जादूगारीण झालेली. हातातून रंगीत रुमाल काढते, आणि त्या त्या रंगाच्या झग्यातली मुलगी मंचावर अवतरते. एवढंच. पस्तीसएक मिनिटांत खेळ आटोपला. लोक उभे राहिले आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिका त्यांनी हवेत उडवल्या. स्वतः सेंट लॉराँने बरोजचं कौतुक केलं.

त्या रात्रीचं चित्रण फार थोडं उरलंय, तेही अंधुक. या चित्रफितीतही तुम्ही मुख्यतः स्थिर छायाचित्रंच बघताय. जे बघण्यासारखं होतं ते चालणं होतं, आणि नेमकं तेच छायाचित्रात येत नाही.

[दृश्य: पॅरिसच्या रॅम्पची रंगीत छायाचित्रं, 1975 ते 1985.]

परिणाम लवकर दिसला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जिवाँशीच्या घरच्या मॉडेलमध्ये कृष्णवर्णीय मुलींचा भरणा होता. सेंट लॉराँकडे मार्टिनिकची मूनिया आली, पाठोपाठ गिनीची कातूशा. याच काळात त्याच्याकडे आपल्याकडची किरत यंगही होती. नॉर्मा जीन डार्डनने बहिणीच्या साथीने घरच्या पाककृतींचं पुस्तक लिहिलं आणि पुढे हार्लेममध्ये खाणावळ काढली. बेथॅनने 1984 मध्ये स्वतःची मॉडेल एजन्सी उघडली.

आणि मग पाणी ओसरलं.

नव्वदच्या दशकात रॅम्पची चवच बदलली. सोव्हिएत संघ फुटल्यावर पूर्व युरोपातून उंच, फिकट, एकसारख्या दिसणाऱ्या मुली मोठ्या संख्येने आल्या. डिझायनरांना आता गिरकी नको होती. मॉडेल म्हणजे चालता हँगर, तिच्याकडे लक्षच जाता कामा नये. ज्यांची सगळी पुंजी चालण्यात होती, त्यांची चालच बाजारातून उठली. कृष्णवर्णीय मुली पाठवू नका, असे निरोप एजन्सींना थेट मिळायला लागले. प्राडाच्या रॅम्पवर 1997 मध्ये नाओमी कॅम्पबेल चालली. त्यानंतरची कृष्णवर्णीय मॉडेल जोर्डन डन, 2008 मध्ये. मध्ये 11 वर्षं.

याच कोरड्या काळात मुंबईची उज्ज्वला राऊत सेंट लॉराँ आणि गुच्चीच्या रॅम्पवर चालत होती. वधूवर मेळाव्याच्या फॉर्मवर अजूनही 'वर्ण' नावाचा रकाना असलेल्या महाराष्ट्रातली ही सावळी मराठी मुलगी. आपल्याकडे तिचं कौतुक झालं, पण 'परदेशात नाव काढलं' या एका वाक्यापुरतं. तिथे त्या वर्षांत तिच्यासारख्या किती जणी उभ्या होत्या, हे कुणी मोजलं नाही.

[दृश्य: न्यूयॉर्क, 2007. सभागृहात बोलणारी बेथॅन हार्डिसन.]

मोजलं ते बेथॅनने. 2007 मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये जाहीर सभा घ्यायला सुरुवात केली. संपादक, एजंट, डिझायनर समोर बसवून विचारलं, कुठे गेल्या मुली? जुलै 2008 मध्ये इटालियन व्होगने संपूर्ण अंक कृष्णवर्णीय मॉडेलना दिला. तो इतका खपला की पुन्हा छापावा लागला. तरी पुढच्या हंगामात रॅम्प होते तसेच.

मग सप्टेंबर 2013 मध्ये, सत्तरी गाठलेल्या बेथॅनने मॉडेल इमान आणि नाओमी कॅम्पबेल यांना सोबत घेऊन न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलानच्या फॅशन संघटनांना पत्रं लिहिली. पत्रांत गोडवा नव्हता. एकही कृष्णवर्णीय मॉडेल न घेणाऱ्या किंवा एकीवर भागवणाऱ्या फॅशन घराण्यांची नावं सरळ यादी करून दिली होती. हेतू काहीही असो, याचा परिणाम वंशभेदच आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. न्यूयॉर्कचं पत्र गेलं अमेरिकन डिझायनरांच्या कौन्सिलकडे. जून 2014 मध्ये त्याच कौन्सिलने बेथॅनला आपला संस्थापक पुरस्कार दिला. तिची यादी जाहीर होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.