लॉग वाचणारी पोरगी

[दृश्य: यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. कापूस वेचणीचे दिवस. घराची पुढची खोली.]

निवेदन:
खोलीच्या अर्ध्या भागात वेचून आणलेला कापूस छताला भिडलाय. उरलेल्या अर्ध्या भागात टेबल, त्यावर दुरुस्त करून विकतात तसला जुना लॅपटॉप, आणि खाली एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला डेस्कटॉप. रुईचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जातात. आठ-दहा दिवसांनी ब्रश मारला नाही तर मशीन तापून बंद पडतं.

बसलेली मुलगी तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. तिला सॉक ॲनालिस्ट व्हायचंय. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. बँकेच्या, कंपनीच्या कॉम्प्युटरवर कोण आलं, कुठून आलं, काय करून गेलं, यावर चोवीस तास नजर ठेवणारी खोली. बसस्टँडवरच्या क्लासच्या फलकांवर मात्र हॅकिंगच असतं, शंभर टक्के प्लेसमेंटसकट. फी भरायला घरचं सोयाबीन विकावं लागेल, एवढी.

तिनं फी भरली नाही. तिनं घरात लॅब उभी केली.

[दृश्य: स्क्रीनवर डाउनलोडची पट्टी, हळूहळू सरकणारी.]

विंडोज सर्व्हरची चाचणी-प्रत मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी फुकट देतं. फाईल पाचेक जीबीची, आणि मोबाईलचा डेटा दिवसाला दोन जीबी. तेव्हा एका रविवारी पेनड्राईव्ह घेऊन मामाकडे जाणं आलं. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट, मशीनवरच्या हालचाली बारकाईनं नोंदवणारं मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन फुकट, लॉग म्हणजे अशा नोंदी गोळा करून इशारे देणारं वाझू फुकट आणि मुक्त स्रोत. फुकट नसते ती रॅम. वाझूचे सगळे भाग एकाच मशीनवर चालवायचे तर आठ जीबी एकट्या त्यालाच लागते. म्हणून खालचा डेस्कटॉप पूर्ण वाझूला दिला, आणि विंडोज सर्व्हर लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये गेला. लाईट जायच्या वेळा ठरलेल्या असतात. त्याआधी मशीन 'सेव्ह स्टेट' केली नाही तर डिस्कच बिघडू शकते. कधी राहून जातं, मग दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ६००८ क्रमांकाची नोंद बसते: मशीन अनपेक्षितपणे बंद पडलं. तिच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, गावच्या भारनियमनाचा बऱ्यापैकी इतिहास जमलाय.

[दृश्य: इव्हेंट व्ह्यूअर, जवळून. सिक्युरिटी लॉग.]

आता धडा बघू. खालच्या डेस्कटॉपवरून ती स्वतःच्याच सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे त्याचा पडदा दुरून उघडून, जायचा प्रयत्न करते, मुद्दाम चुकीच्या पासवर्डनं. पुन्हा पुन्हा. प्रत्येक चुकीला एक नोंद, क्रमांक ४६२५. आत शिरता आलं की ४६२४. एवढं कुठल्याही नोट्समध्ये मिळतं. नोट्समध्ये असंही असतं, की रिमोट डेस्कटॉपचा लॉगऑन टाइप, म्हणजे कोणत्या वाटेनं आलं त्याचा क्रमांक, १०.

तिच्या स्क्रीनवर ३ दिसला. सगळीकडे ३.

सेटिंग चुकली असेल म्हणून तिनं सगळं पुसून पुन्हा बसवलं, तरी ३. कारण असं: विंडोजमध्ये आता नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असतं. पलीकडचा पडदा उघडण्याआधीच नाव आणि पासवर्ड तपासला जातो. पासवर्ड चुकला तर तो पडदा उघडतच नाही, आणि नोंद साध्या नेटवर्क लॉगऑनची, म्हणजे टाइप ३ ची होते. ज्यानं १० पाठ केलाय तो नोकरीवर पहिल्याच रात्री रिमोट डेस्कटॉपवरचा हल्ला समोर असून ओळखणार नाही.

त्याच नोंदीत खाली 'सब स्टेटस' नावाचा कोड असतो. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचा युजरच मशीनवर नाही. ६ए असेल तर नाव खरं, पासवर्ड तेवढा चुकला. नुसते ६४ येत असतील तर समोरचा अंधारात दगड मारतोय. पण ६ए यायला लागले, की आपल्या माणसांची नावं त्याच्या हाती लागलीत. एवढ्या फरकावर झोपायचं की साहेबाला उठवायचं, हे ठरतं.

[दृश्य: रात्र. हरभऱ्याचं शेत, दूरवर बॅटरीचा झोत.]

तिचे बाबा या दिवसांत जागलीला जातात. रानडुक्कर, रोही. पानं वाजली म्हणून दर वेळी फटाका फोडला तर तासाभरात फटाके संपतात. आवाज ओळखावा लागतो. सॉकचं दुखणंही हेच आहे: इशारे ढिगानं येतात, त्यातले बहुतेक खोटे, आणि कंटाळलेला माणूस अर्धवट बघून ते बंद करत सुटतो.

पहाटे घरी आले की बाबा विचारतात, "काई सापडलं का वं माय?"
"काईच नाई, बाबा."
"मंग रातभर जागली काहून?"

तिच्या वहीत त्या रात्रीचं पान भरलेलं असतं. कोणता इशारा, किती वाजता, काय तपासलं, खोटा कशावरून ठरवला. हे इंग्रजीत, चार ओळींत. वेळ लिहिताना दर वेळी ताळा करावा लागतो, कारण लिनक्स सर्व्हर जागतिक वेळ धरतो, विंडोज आपली दाखवतं. मध्ये साडेपाच तास. आमच्या मते सगळ्या लॅबपेक्षा ही वही भारी आहे. मुलाखत घेणारा प्रमाणपत्र बघेल, पण प्रश्न विचारेल तो वहीतला.

[दृश्य: पुणे. बँकेसमोरचा रस्ता, सुटीचा दिवस.]

रात्री आणि सुटीच्या दिवशी पहारा कशाला, याचं उत्तर पुण्यात आहे. २०१८ साली ११ ऑगस्टला कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. त्या दिवशी दुसरा शनिवार, बँका बंद. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला आणखी रक्कम परदेशात वळली. एकूण चौऱ्याण्णव कोटींच्या वर.

नंतर नियमही कडक झाले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. जपलेले लॉग वाचायला माणूस लागतोच.

[दृश्य: ओसरी. एक शेतकरी मोबाईल पुढे करतोय.]

गावाला तिच्या लॅबचं फारसं कळत नाही, मोबाईलचं कळतं. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल येते, लोक इन्स्टॉल करतात, मग बँकेचे एसएमएस दुसराच कोणी वाचतो. ती आधी नेट बंद करायला लावते, मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावून देते. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर खात्यात अडवता येतात, म्हणून चहा नंतर.

एकदा शेजारच्या काकांनी सुचवलं, "आपल्या सोसायटीचं कॉम्प्युटर हॅक करून दाखव ना." तिनं हात जोडले. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली बसतं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकायचं ते स्वतःच्या मशीनवर, नाहीतर ट्रायहॅकमी, लेट्सडिफेंड, सायबरडिफेंडर्ससारख्या सरावासाठीच बांधलेल्या ठिकाणी. तिथला बराच भाग फुकट आहे. पैसे आणि सहा महिने हाताशी असले तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

[दृश्य: स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे.]

नोकरी लागली तर पुणे किंवा नागपूर, आणि सुरुवातीला रात्रपाळी. आईचे प्रश्न ठरलेले आहेत: खोली कुठं, सोबत कोण, रात्री सोडायला गाडी येते का. तिसऱ्याचं उत्तर मुलीनं शोधून ठेवलंय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घरापर्यंत सोडण्याची सोय मालकाकडे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी पुण्यातल्या मावसबहिणीला फोन लावलाय. तिच्या खोलीतली मुलगी पुढच्या महिन्यात जागा सोडतेय म्हणे.