लायसन घरात हाय, मामा

(दृश्य: सकाळ. कोल्हापुरातला गंगावेशचा दूध कट्टा. म्हशींच्या धारा निघतायत, भोवती दुचाक्यांची गर्दी.)

दुधाला निघालेल्या माणसाच्या एका हातात किटली असते, दुसऱ्या हातात गाडीची चावी. पाकीट घरात, खुंटीवरच्या पँटमध्ये. आणि पाकिटात लायसन. मग पुढच्या चौकात ट्रॅफिक मामाची शिट्टी वाजते.

"मामा, लायसन घरात हाय. हितंच निघालोय, दुधाला."

हे उत्तर खरंही असेल. पण कायद्याला अंतराशी काही देणंघेणं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १३० म्हणतं, की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवलंच पाहिजे. तुम्ही गंगावेशला निघालाय की पन्हाळ्याला, घरापासून दोन गल्ल्या लांब आलाय की दोन तालुके, याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि चौकातल्या हुज्जतीत नेमकी तीच बाजूला राहते.

(दृश्य: दसरा चौक. सिग्नलला थांबलेली वाहनं, एमएच ०९ च्या नंबरप्लेट.)

लायसन नसणं हा एक गुन्हा. लायसन असून जवळ नसणं ही वेगळी बाब. लायसन काढलेलंच नसेल, तर कलम ३ मोडलं. त्याची शिक्षा कलम १८१ मध्ये आहे: ५,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अशा वेळी गाडी अडकवून ठेवायचा अधिकार पोलिसांना आहे. लायसन आहे पण दाखवता आलं नाही, तर प्रकरण कलम १७७ च्या किरकोळ दंडात बसतं. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १,५०० पर्यंत. ५०० आणि ५,०००. म्हणून पावती हातात पडली, की रकमेआधी कलम बघावं. घरी लायसन असलेल्या माणसाला १८१ लागलं असेल, तर तिथेच शांतपणे बोलावं. आवाज चढवून काही होत नाही, हे कोल्हापूरकराला सांगणं अवघड आहे, तरी सांगतो.

कायदा इथे आपण समजतो तितका कडकही नाही. त्याच कलम १३० मध्ये, लायसन त्या वेळी जवळ नसेल तर ते नंतर ठरवून दिलेल्या मुदतीत मागणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवायची सोय ठेवलेली आहे. चौकात तिची आठवण कुणी काढत नाही. ना अडवणारा, ना अडकलेला.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. बोट फोटोंच्या गॅलरीत सरकतंय.)

आता मोबाईल. किटलीबरोबर पाकीट विसरतं, पण मोबाईल विसरत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये बदल झाला आणि कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायला मान्यता मिळाली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन हे खिशातल्या कार्डाच्या बरोबरीचं. तिथे ते दिसत असताना 'ओरिजिनल दाखवा' असा आग्रह धरता येत नाही.

पण बहुतेकांच्या मोबाईलमध्ये असतो तो फोटो. कधीतरी बायकोने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, अर्धा टेबलक्लॉथ दिसणारा. तो कायद्याच्या लेखी लायसन नव्हे. अ‍ॅपमधली नोंद सरकारी यादीतून थेट येते आणि तिथल्या तिथे पडताळता येते, फोटोची तशी खातरी कुणी देत नाही. एखादा मामा फोटो बघून सोडतो, तो त्याचा चांगुलपणा.

जुन्या पुस्तकी लायसनवाल्यांची मात्र अडचण होते. आरटीओच्या संगणकात नोंदच चढलेली नसेल, तर अ‍ॅपमध्ये काही सापडत नाही. ती नोंद एकदा आरटीओत जाऊन चढवून घ्यावी लागते. तोवर पुस्तक खिशात.

(दृश्य: मार्केट यार्ड. गुळाचे रवे छोट्या टेम्पोत चढवले जातायत.)

लायसन जवळ आहे, पण ते याच गाडीचं आहे का? गुळाच्या, भाजीच्या टेम्पोवाल्यांना हा प्रश्न वर्षानुवर्षं छळत होता. अपघात झाला, की विमा कंपनी म्हणायची, तुमचं लायसन हलक्या वाहनाचं आहे, माल वाहायचं नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं. त्याहून जड गाडीला किंवा धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला ही मुभा नाही.

कागलच्या पुढे कर्नाटक लागतं. पाट्या कानडी होतात, लायसन तेच चालतं, कारण ते देशभर लागू असतं. कार्डावरची मुदत तेवढी बघून निघा. ती संपून वर्ष उलटलं, तर नूतनीकरणासाठी परत चाचणी द्यावी लागू शकते.

(दृश्य: राजारामपुरी. क्लास सुटलाय. गणवेशातली मुलं स्कूटरवर, एकीवर तिघं.)

या मुलांकडे लायसन मागून उपयोग नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि आईची स्कूटर बहुधा ११० सीसीची. ती चालवायला अठरा पूर्ण हवीत. '१० वीला आहे, क्लास लांब आहे, रिक्षा परवडत नाही.' घराघरातली ही कारणं खोटी नाहीत. पण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ घातलं, आणि ते थेट घरात येतं. मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. संमती होती असं न्यायालय आधीच धरून चालतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण रोखायचा सगळा प्रयत्न केला होता, हे पालकांनी सिद्ध करायचं. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, शिकाऊसुद्धा नाही.